वाडा पाडायचाय? कुणाला विचारलंत?

दोस्तांनो, घराची एखादी भिंत पाडायची असेल तर कुणाला विचारावं लागतं? ‘बाबांना!’ असं तुमच्यातले निम्मे तरी म्हणतील. ‘आजीला!’ असं म्हणणारे जास्त हुशार. पण घर फार जुनं असेल, त्यात काही मोठं घडलेलं असेल किंवा त्याच्या शेजारी आठशे-नऊशे वर्षांचं देऊळ असेल, तर आजीच्याही वर आणखी एक परवानगी लागते. ती सरकारची. कधी दिल्लीच्या सरकारची, कधी मुंबईच्या, तर कधी आपल्याच गावातल्या महापालिकेची.

आता म्हणाल, घर आमचं, पैसे आमचे, मग सरकार मध्ये कशाला? प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायला आधी चाळीसगावजवळच्या पाटण्याला जाऊ.

पाटण्याला डोंगराच्या कुशीत चंडिकादेवीचं मंदिर आहे, म्हणजे आपली पाटणादेवी. इथे एक शिलालेख सापडला. इसवी सन १२०७ च्या सुमाराचा. थोर गणिती भास्कराचार्य तुम्हाला ठाऊक आहेतच. त्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे एक मठ काढला आणि त्या मठाला देणगी मिळाली, असं त्या दगडावर कोरलेलं आहे. मठ म्हणजे त्या काळची शाळाच की! आठशे वर्षांपूर्वी खानदेशात गणिताचे वर्ग भरत होते, हे आपल्याला कशावरून कळलं? त्या एका दगडावरून. तो दगड कुणी पायरीला लावला असता, तर एवढी मोठी गोष्ट कायमची पुसली गेली असती.

अशा जागा जपण्यासाठी केंद्र सरकारनं १९५८ साली प्राचीन स्मारकांचा कायदा केला. पाटणादेवी, तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेवचं मंदिर, धुळे जिल्ह्यातली बळसाण्याची मंदिरं, थाळनेरच्या फारुकी सुलतानांच्या कबरी ही सगळी या कायद्याखाली ‘संरक्षित’ आहेत. तिथे पुरातत्त्व खात्याचा फलक दिसेल. तो एकदा नीट वाचा. बहुतेक जण फलकाला टेकून फोटो काढतात आणि पुढे जातात!

या फलकाचा अर्थ फार कडक आहे. संरक्षित स्मारक पाडणं तर सोडाच, त्याला इजा करणं, त्याचं रूप बिघडवणं हाही गुन्हा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि रूप बिघडवणं म्हणजे काय, ते ऐका. सहलीला गेल्यावर खांबावर खिळ्यानं ‘इयत्ता आठवी ब’ असं कोरणं, हेसुद्धा त्यातच येतं. त्या मठाबद्दल सांगणारी अक्षरं कोरणाऱ्याला कदाचित वर्षानुवर्षं शिकावं लागलं असेल. आठवी ब ला दोन मिनिटं पुरतात.

नियम फक्त देवळापुरता नाही. २०१० साली या कायद्यात दुरुस्ती झाली. स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करायला बंदी. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये बांधकाम करता येतं, पण आधी परवानगी काढून. शाळेच्या मैदानावर १०० मीटरची शर्यत धावला असाल, तर हे अंतर किती ते पायांना माहीतच आहे. त्या पट्ट्यात ज्यांचं घर आधीपासून आहे, त्यांना दुरुस्ती करता येते, पण तीही विचारून. पाटण्याला देवळाभोवती जंगल आहे, म्हणून तिथे फारसं अडत नाही. पण गावालगतच्या देवळाजवळ राहणाऱ्या माणसाला मुलाच्या लग्नाआधी वर एक खोली काढायची असते. त्याला हा नियम जाचक वाटतो, आणि त्याचं अगदीच चुकतं असं मला वाटत नाही. देऊळ सगळ्या देशाचं, आणि अडचण मात्र एकट्या शेजाऱ्याची!

या केंद्राच्या कायद्यात बसायला वास्तू निदान शंभर वर्षांची लागते. सरकारनं ती राष्ट्रीय महत्त्वाची ठरवायची म्हटली, की आधी राजपत्रात सूचना छापून येते, त्या जागेजवळही लावली जाते आणि हरकत घ्यायला लोकांना दोन महिने मिळतात. म्हणजे वास्तूचं नाव यादीत चढायला वेळ लागतो. पाऊस मात्र दोन महिने थांबत नाही. एरंडोल तालुक्यातल्या फरकांड्याचे झुलते मनोरे ऐकलेत ना? एक हलवला की दुसरा हलतो, अशी त्यांची ख्याती. दोनपैकी एक मनोरा पडून गेला. आता कोण कुणाला हलवणार?

आणि ज्या वास्तूचं मोल तिच्या वयात नसतं तिचं काय? धुळ्याच्या तुरुंगाचं उदाहरण घ्या. १९३२ साली विनोबा भावे तिथे कैदेत होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी ते कैद्यांना गीतेचा एकेक अध्याय सांगत. अठरा रविवार, अठरा अध्याय. समोर बसून ते लिहून कोण घेत होतं? साने गुरुजी! त्यातूनच ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झालं. तुरुंगाच्या भिंतींवर नक्षीकाम नसतं. पण तिथे जे घडलं त्यामुळे ती जागा मोलाची झाली. अशा जागेचं मोल वयावर आणि नक्षीवर मोजून कसं चालेल?

इथे शहराचे नियम उपयोगी पडतात. मुंबईत १९९५ साली वारसा इमारतींची नियमावली आली. वास्तू जुनी असावी एवढाच तिचा निकष नव्हता. तिथे कोण राहिलं, काय घडलं, बांधणी कशी आहे, तिच्यामुळे त्या गल्लीला रूप येतं का, हेही बघायचं ठरलं. पुढे २०२० साली राज्यातल्या बहुतेक शहरांसाठी एकच बांधकाम नियमावली झाली. जळगाव आणि धुळे महापालिका तिच्यातच येतात, आणि वारशाचे नियम तिच्यातही आहेत.

ते थोडक्यात असे. महापालिकेनं वारसा वास्तूंची यादी करायची. यादीतल्या वास्तूत बदल करायचा, भर घालायची किंवा ती पाडायची तर आयुक्तांची परवानगी आधी घ्यायची. आयुक्त वारसा समितीचा सल्ला घेतात. तिच्यात वास्तुविशारद, इंजिनिअर, इतिहासाचे जाणकार असतात. वास्तूंच्या श्रेणी तीन. पहिल्या श्रेणीतल्या वास्तूला शक्यतो हात लावायचा नाही. दुसरीत आतून जपून बदल चालतात. तिसरीत बऱ्यापैकी मोकळीक. एकटी इमारतच नव्हे, तर अख्खा परिसरही यादीत घालता येतो. धुळ्याचंच बघा. १८१९ च्या सुमारास कॅप्टन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्यानं इथे जिल्ह्याचं ठाणं केलं आणि नवी पेठ आखली. धुळ्यात आजही पत्ता सांगताना ‘गल्ली नंबर चार’ असं म्हणतात. एकेक घर साधंच असेल, पण अशी सरळ आखलेली पेठ हीच बघण्यासारखी गोष्ट आहे.

या सगळ्यात एक मोठी मेख आहे. नियम चालतो तो फक्त यादीतल्या वास्तूला. यादीत नाव नसेल, तर दोनशे वर्षांचा वाडा आणि कालची पत्र्याची शेड कायद्याला सारखीच!

आता वाड्यात राहणाऱ्यांचीही बाजू ऐका. धाब्याचं छप्पर, सागवानी खांब, कडीपाट, जाड मातीच्या भिंती. उन्हाळ्यात आत गारेगार. पण धाब्यावर वर्षाआड माती टाकायला माणूस मिळत नाही. वाटण्या होऊन एका वाड्याचे सात मालक झालेले असतात, त्यातले चार पुण्याला. पावसाळा आला की महापालिका धोकादायक घरांना नोटीस देते, आणि ती द्यायलाच हवी. भिंत कोसळून माणूस गेला तर त्या वारशाचं काय करायचं? शिवाय जुन्या सागाला भाव चांगला येतो. मग एक दिवस खांब ट्रकमध्ये चढतात.

मालकाचं नुकसान होऊ नये म्हणून नियमात एक सोय आहे, तिचं नाव ‘टीडीआर’. तुमच्या जागेवर तीन मजले बांधायचा हक्क आहे, पण वारसा म्हणून वाडा आहे तसा ठेवलात, तर उरलेला हक्क कागदावर मिळतो आणि दुसऱ्या बांधकामासाठी विकता येतो. कल्पना छान आहे. मात्र तो कागद घेणारा बिल्डर गावात असायला हवा. मुंबईत तो रांगेत उभा असतो. लहान शहरात त्याला शोधत फिरावं लागतं.

काही घरं मात्र माणसांच्या मायेमुळे वाचली. जुन्या जळगावात चौधरी वाड्यातलं बहिणाबाईंचं घर आज संग्रहालय आहे. त्यांच्या रोजच्या वापरातल्या वस्तू तिथे बघायला मिळतात. बहिणाबाई १९५१ साली गेल्या आणि त्यांच्या कवितांचं पुस्तक १९५२ साली आलं. त्या हयात असताना हे घर वारसा यादीत घाला असं कुणी म्हटलं असतं, तर लोक हसले असते. शेतकरणीच्या घरात काय आहे जपण्यासारखं? चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचं घर आहे. आयुष्याची कितीतरी वर्षं ते त्या घरातून क्वचितच बाहेर पडले. त्यांचे फोटो, चित्रं आणि जमवलेल्या वस्तू अजून त्याच घरात आहेत. १९८९ साली ते गेले. ते घर पाडून वस्तू दुसरीकडे नेऊन ठेवल्या असत्या, तर घरातच राहून जग बघणारा हा माणूस आपल्याला नीट समजलाच नसता.

तुमच्या गल्लीत अशी एखादी वास्तू आहे का? पायविहीर, वेस, शाळा, दगडी पूल, काहीही चालेल. एका वहीत तिची माहिती लिहा: नाव, पत्ता, जमल्यास सिटी सर्व्हे नंबर, कुणी बांधली, तिथे काय घडलं, आज तिथे कोण राहतं. आजोबांनी सांगितलेलं असेल तर ‘आजोबांनी सांगितलं’ असंच लिहा, पक्कं समजू नका. सोबत समोरून आणि बाजूनं काढलेले दोन फोटो लावा. मालकाला विचारल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, बरं का! मग आई-बाबांच्या किंवा सरांच्या सहीनं साध्या कागदावर आयुक्तांना पत्र लिहा. नगरपालिका असेल तर मुख्याधिकाऱ्यांना. पत्रात आधी एवढंच विचारा: आपल्या शहराची वारसा यादी झाली आहे का, आणि असल्यास ही वास्तू तिच्यात आहे का? पत्राची एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि तिच्यावर आवक विभागाचा शिक्का व तारीख घ्यायला विसरू नका.