इंजिन बंद केल्यावर

पौष वद्य अष्टमीची पहाट होती. देवबागच्या धक्क्यावर उभं राहिलं तर अर्धा चंद्र थेट डोक्यावर आणि समोर कर्लीचं पाणी काठोकाठ भरलेलं. होडीवाले काका दोर सोडता सोडता म्हणाले, "आज भांग असा. पाणी साफ गावतला."

अमावास्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण येतं, अष्टमीच्या आसपास भांग असते. भांगेच्या दिवसांत भरती फार चढत नाही आणि ओहोटी फार ओढत नाही. पाण्याची ओढ कमी म्हणून तळातला गाळ कमी ढवळतो, आणि गाळ बसलेला असला की खालचं स्वच्छ दिसतं. भरतीची वेळ काढायला किनाऱ्यावरच्या माणसाला तक्ता लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. आम्ही पावणेसातला निघालो तेव्हा पाणी नुकतंच उतरू लागलं होतं. काकांनी आदल्या रात्री फोनवर "उशीर करू नका" एवढंच सांगितलं होतं. त्यामागे हा सगळा हिशोब होता.

होडीत काकांखेरीज आम्ही सात जण होतो: मी, माझी दहा वर्षांची भाची, कोल्हापूरचं चौघांचं कुटुंब आणि समुद्रात उतरायला मदत करणारा, काकांचाच पुतण्या. काकांनी लाइफ जॅकेटं आधी मुलांच्या अंगावर चढवली, प्रत्येक पट्टा स्वतः ओढून पाहिला आणि मगच इंजिनाची दोरी खेचली. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. त्या दिवसाबद्दल इथं कुणी फारसं बोलत नाही, पण पट्टा ओढून बघणाऱ्या हातांना तो आठवतो, असं मला वाटलं.

देवबाग ही वाळूची चिंचोळी पट्टी. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र, आणि टोकाला दोघांचा संगम. पलीकडे भोगव्याचा डोंगर. नदीने आणलेली वाळू मुखाशी साठते आणि पाण्याखाली तिचा बांध तयार होतो. लाट या उथळ जागी येऊन फुटते. बांधातली खोल वाट दर पावसाळ्यानंतर थोडी सरकते, त्यामुळे गेल्या वर्षीची वाट यंदा चालत नाही. काकांनी इंजिन अगदी हळू केलं, उभे राहिले, तीन लाटा जाऊ दिल्या आणि चौथीच्या पाठीवरून होडी बाहेर काढली. जमिनीकडून येणारा मतलई वारा अजून वाहत होता. समुद्र तेलासारखा शांत होता.

भाचीने विचारलं, "डॉल्फिन किती वाजता येतात?"

काका हसले नाहीत. तिच्याकडे वळून म्हणाले, "बाय, तेंका घड्याळ नाय. वाट बघूक व्हयी."

मग त्यांनी इंजिन बंद केलं.

चाळीस मिनिटं आम्ही नुसते तरंगत होतो. सुरुवातीला ही चाळीस मिनिटं फुकट गेल्यासारखी वाटली. हळूहळू डोळे समुद्राला सरावले. कुठे पाण्यावर बारीक सुरकुती उठते, कुठे बोय मासा उडी मारतो, सुरय पक्षी कुठे घिरट्या घालून खाली झेपावतात, हे वेगवेगळं कळू लागलं. काकांची नजर त्या पक्ष्यांवर होती. नदीच्या मुखाशी बोय, तारली असे मासे जमतात. मासे जमतात म्हणून पक्षी जमतात आणि त्याच कारणाने गादेही येतात. गादा हा डॉल्फिनचा इथला शब्द.

आधी आवाज आला. मागून, होडीच्या डाव्या अंगाला, कुणी तोंडातली हवा जोरात सोडावी तसा "फुस्स". आम्ही सगळे वळलो तोवर पाणी सपाट झालं होतं. दहा-बारा सेकंदांनी पुन्हा तोच आवाज. या वेळी दिसलं. लांब चोच तिरकी वर आली, मग कपाळ, मग राखाडी पाठ, आणि पाठीच्या मधोमध एक लांबट उंचवटा. त्या उंचवट्यावर बसवल्यासारखा छोटा त्रिकोणी पर. चित्रात दिसतो तसा पाण्याबाहेर झेप घेणारा डॉल्फिन हा नव्हे. तो श्वासापुरता वर येतो आणि जातो.

हा कुबडवाला डॉल्फिन. शास्त्रीय नाव सूसा प्लम्बिया. दक्षिण आफ्रिकेपासून भारताच्या किनाऱ्यापर्यंत याचं घर आहे, पण ते घर फार अरुंद आहे. याला उथळ पाणी लागतं, साधारण पंचवीस-तीस मीटरपेक्षा कमी खोलीचं. म्हणजे किनाऱ्याला लागून असलेली चिंचोळी पट्टी. नेमक्या त्याच पट्टीत आपली जाळी पडतात, बंदरं होतात, नद्यांमधून सांडपाणी येतं आणि आमच्यासारख्यांच्या होड्या फिरतात. निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत २०१७ पासून तो 'धोक्यात असलेला' म्हणून नोंदला आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला वाघाइतकंच, पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे.

तिघे होते. मग भाचीनेच चौथं पाहिलं, मोठ्या मादीच्या कुशीला चिकटलेलं, फिक्या रंगाचं पिल्लू. आईचा श्वास घुमायचा, त्याचा जेमतेम ऐकू यायचा. दोघं एकाच वेळी वर यायची आणि एकाच वेळी खाली जायची. डॉल्फिनचं श्वास घेणं आपल्यासारखं आपोआप होत नाही. प्रत्येक श्वास त्याला ठरवून घ्यावा लागतो. म्हणून तो पुरता झोपतही नाही. मेंदूचा अर्धा भाग झोपतो, अर्धा जागा राहतो. पिल्लाला वर यायची वेळ आईशेजारी पोहूनच कळत जाते. मला तेव्हा एवढंच दिसत होतं की ती आपल्या पोराला सोडून कुठेच जात नव्हती.

तेवढ्यात उत्तरेकडून दोन होड्या वेगात आल्या. आम्ही थांबलेलो पाहूनच त्यांना जागा कळली होती. एक डावीकडून, एक उजवीकडून. इंजिनं चालू, माणसं उभी, आरडाओरडा. पिल्लू आणि आई खाली गेली. मिनिट झालं, दोन मिनिटं झाली. मग फार लांब, भोगव्याच्या दिशेला, एक पाठ वर आली आणि बुडाली.

गढूळ पाण्यात डॉल्फिनचे डोळे फारसे कामाचे नसतात. तो आवाजाने पाहतो. टिकटिक असे बारीक आवाज सोडतो, ते माशावर, खडकावर आदळून परततात, आणि तो प्रतिध्वनी त्याच्या खालच्या जबड्यातून कानापर्यंत पोचतो. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो. दोन इंजिनं डोक्यावर घरघरू लागली की त्याच्यासाठी ते आपल्या घरात कुणी अचानक दिवे घालवावेत तसं होत असणार. शिकार दिसत नाही, पोराची हाक ऐकू येत नाही. आणि वर तर यावंच लागतं, कारण श्वास वरच आहे.

"तेंच्या पाठी लागूचा नाय," काका म्हणाले. "आपण गप रव्हलो की ते आपणच येतत." त्या होड्यांना त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाले, की तासाचे पैसे घेतले की गिऱ्हाइकाला दाखवावं लागतं, आणि दाखवायची घाई झाली की असं होतं. त्या होड्या गेल्यावरही आम्ही तिथेच राहिलो. पंधरा मिनिटांनी आई आणि पिल्लू परत आली, होडीपासून चार-पाच वावांवर. या वेळी कुणीही फोन वर केला नाही. मला तो श्वास आजही ऐकू येतो.

काका पूर्वी मासेमारी करायचे. तेव्हा हाच गादा त्यांचा वैरी होता. जाळ्यात अडकलेले बांगडे-तारली तो ओढून खातो आणि जाळं फाटतं. फाटलेलं जाळं सांधायला दिवस जातो, नवं घ्यायचं तर कर्ज काढावं लागतं. "माझ्या बापाशीन तेंका कधी मारूक नाय, पण गाळी लय दिल्यान," ते म्हणाले. आज हंगामातली अर्धी कमाई गाद्यावर चालते. तरी शेजारच्या घरात अजून जाळी आहेत आणि अजून फाटतात. गादा वाचला पाहिजे असं म्हणताना त्या घराचा तोटाही मोजला पाहिजे, हे मला होडीत बसून कळलं. मुंबईत बसून कळलं नसतं.

साडेआठला आम्ही उत्तरेला वळलो. तारकर्लीचा किनारा उजवीकडे सरकत गेला आणि पुढे सिंधुदुर्गाचा तट पाण्यातून वर आला. १६६४ साली कुरटे बेटावर या किल्ल्याची पायाभरणी झाली. त्याच्या आणि शेजारच्या पद्मगड किल्ल्याच्या आजूबाजूच्या खडकांवर प्रवाळ आहेत. १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. मच्छीमारांनी त्याला विरोध केला, कारण ज्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरलं तेच पाणी नकाशावर एका रेघेच्या आत गेलं.

किल्ल्याच्या मागच्या अंगाला होडी थांबली. पुतण्याने नांगर फेकला नाही. मास्क लावून तो पाण्यात उतरला, खाली एक फेरी मारून वर आला आणि नांगर हातात घेऊन पुन्हा खाली गेला. खडकांमधली वाळूची मोकळी जागा शोधून त्याने तो तिथे ठेवला. वर आल्यावर धापा टाकत म्हणाला, "फेकलो तर प्रवाळार पडता." एका फेकीत जे मोडतं ते वाढायला किती वर्षं लागतात, हे पुढच्या अर्ध्या तासात मी पाहणार होते.

मास्कच्या काचेला आतून थुंकी चोळायची, समुद्राच्या पाण्याने विसळायची, म्हणजे वाफ धरत नाही. केसाची एक बट जरी कडेत अडकली तरी पाणी आत शिरतं. नळी दातांत धरायची, ओठ मिटायचे, श्वास फक्त तोंडाने. सांगायला सोपं आहे. पहिल्यांदा तोंड पाण्यात घातलं तेव्हा छाती आवळली, मी डोकं वर काढलं. पुतण्या शांतपणे म्हणाला, "ताई, पोहू नका. नुसत्या पडून रव्हा." दुसऱ्यांदा मी हात-पाय सोडून दिले. श्वास नळीत घुमू लागला, आणि त्या आवाजाने मला सकाळचा तो "फुस्स" आठवला. आता मीही तेच करत होते. तोंड एका जगात, हवा दुसऱ्या जगातली.

पाणी हिरवट होतं, पण चार-पाच मीटर खालचा तळ दिसत होता. लक्षद्वीपसारखी रंगीत बाग इथे नाही. पावसाळ्यात नद्या गोडं पाणी आणि गाळ आणून ओततात, त्यातून जी प्रवाळं तगतात तीच इथली. म्हणून ती तुकड्यातुकड्यांनी, खडकाला धरून आहेत. मी एका गोल, तपकिरी-पिवळ्या प्रवाळावर तरंगत राहिले. परातीएवढं. लांबून धोंडा वाटणारं. नजर स्थिरावली तेव्हा त्याच्या सगळ्या अंगावर टाचणीच्या डोक्याएवढे खळगे दिसले. प्रत्येक खळग्यात एक जीव. हे जीव चुन्याचं घर बांधतात, आणि असं गोल प्रवाळ वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढतं. परातीएवढं व्हायला पंचवीस-तीस वर्षं तरी गेली असतील. माझ्या भाचीच्या आईच्या लहानपणी ते वाटीएवढं असेल.

त्याचा रंग त्याचा स्वतःचा नसतो. पेशींच्या आत सूक्ष्म शैवालं राहतात, उन्हावर साखर बनवतात आणि घरमालकाला देतात. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जरी आठवडेच्या आठवडे तापून राहिलं तरी हा संसार मोडतो. शैवालं निघून जातात आणि प्रवाळ पांढरं पडतं. ते लगेच मरत नाही, उपाशी राहतं. पाणी वेळेवर निवलं तर सावरतं. २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातल्या प्रवाळांचं असं चौथं व्यापक विरंजन जाहीर केलं. माझ्या खालच्या परातीच्या एका कडेलाही तळहाताएवढा पांढरा डाग होता. कशाने झाला ते मला सांगता येणार नाही, पण त्याच्यावरून नजर हलेना.

पट्ट्यापट्ट्यांचे छोटे मासे जवळ आले. एक पोपटमासा खडक कुरतडत होता, त्याचा करकर आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येत होता. शेजारच्या होडीजवळ कुणी बिस्किटाचा पुडा फोडला आणि माझे सगळे मासे क्षणात तिकडे गेले. फोटो छान येतात, पण हे मासे खडकावरचं शेवाळ खातात म्हणून प्रवाळाला जागा मोकळी राहते. बिस्किटाची सवय लागली की ते काम राहतं. आमच्या पुतण्याच्या हातात काहीच नव्हतं. त्याने फक्त बोट दाखवलं. एका कपारीत काळे, लांब काट्यांचे समुद्रसाळू बसले होते. भाचीने माझा हात घट्ट धरला आणि पाय आपोआप वर घेतले. कुणीही प्रवाळावर उभं राहिलं नाही.

साडेदहाला वारा फिरला. समुद्राकडून खारं वारं सुटलं आणि पाण्यावर पांढरा फेस दिसू लागला. परतताना होडी आपटत होती, कुणी बोलत नव्हतं. भाची बोटं मोजत होती. "तीन आणि एक पिल्लू," ती म्हणाली. काकांनी मान हलवली. त्यांनीही तेवढेच मोजले होते.

धक्क्यावर पुढची मंडळी तयार उभी होती. पुतण्या गोड्या पाण्याच्या बादलीत मास्क विसळून दोरीवर टांगत होता. त्या मंडळींतल्या एकाने विचारलं, "डॉल्फिन नक्की दिसतील ना?"

"दर्यार जाव्या," काका म्हणाले. "मगे बघूया." आणि समोरच्या लहान मुलाला जवळ घेऊन त्यांनी जॅकेटचा पट्टा ओढून पाहिला.