घरचा संगणक : बिघाड नेमका कोठे?

घरचा संगणक अडला, की पहिला प्रश्न पडतो तो 'कोणाला बोलवायचे?' हा. इंटरनेट चालत नसेल तर जोडणी देणाऱ्याला, यंत्र सुरूच होत नसेल तर दुरुस्तीच्या दुकानदाराला, आणि काहीच उमगत नसेल तर ओळखीच्या एखाद्या जाणकार मुलाला. प्रत्येक जण आपल्याला येणारा उपाय करतो. पहिला तार बदलतो, दुसरा मेमरीची पट्टी काढून पुन्हा बसवतो, तिसरा म्हणतो, 'फॉरमॅट मारून टाकू.' हा तिसरा उपाय सर्वांत महाग पडतो. शिक्षकाच्या संगणकात कित्येक वर्षांच्या प्रश्नपत्रिका, गुणतक्ते, मुलांच्या प्रकल्पांची छायाचित्रे असतात, आणि त्यांची दुसरी प्रत बहुधा कोठेही नसते.

बिघाड जेथे दिसतो तेथेच तो असतो, असे आपण धरून चालतो. संगणकाच्या बाबतीत हे गृहीतक वारंवार फसते. जाळ्याचा वाटणारा दोष प्रणालीत असतो, प्रणालीचा वाटणारा दोष यंत्राच्या एखाद्या सुट्या भागात असतो. कसे ते एका उदाहरणावरून पाहू. त्याआधी प्रणालीविषयी थोडेसे.

युनिक्स ही प्रणाली १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी सुरू केली. तिच्या धर्तीवर फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहिला. विंडोज १० या आवृत्तीची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. नवी आवृत्ती न पेलणाऱ्या जुन्या संगणकांवर लिनक्स बसवण्याचा विचार त्यामुळे अनेक घरांत होऊ लागला. बिघाड शोधणाऱ्याला या कुळातील प्रणाली फार सोयीची आहे. एकेका कामासाठी तिच्यात वेगळी, लहान आज्ञा असते आणि घडेल ते सर्व ती नोंदवहीत लिहून ठेवते. (आज्ञा रोमन लिपीत टंकित करायच्या असतात, येथे आम्ही फक्त त्यांचे उच्चार देत आहोत.)

आता उदाहरण. सातपूरच्या कामगार वसाहतीत राहणाऱ्या एका शिक्षकांचा संगणक बारा-तेरा वर्षांचा जुना. त्यावर जुन्या यंत्रांसाठी असलेले लिनक्सचे एक हलके वितरण बसवलेले. दिवाळीच्या सुटीत संगणक आठ-दहा दिवस बंद राहिला. नंतर सुरू केला तेव्हा ब्राउझर एकही पान उघडीना. 'जोडणी सुरक्षित नाही' एवढेच म्हणे. घरातले मोबाइल त्याच वाय-फायवर व्यवस्थित चालत होते. निदान झाले, 'लिनक्स बिघडले, फॉरमॅट करा.'

अशा वेळी वाट मधोमध तोडून पाहावी. तीस दिव्यांची माळ बंद पडली तर आपण पहिल्या दिव्यापासून एकेक तपासत बसत नाही. मध्यावर वीज पोचते का ते पाहतो, म्हणजे अर्धी माळ संशयातून मोकळी होते. जाळ्यासाठी हे काम 'पिंग' ही आज्ञा करते. माइक म्यूस या अमेरिकी अभियंत्याने ती डिसेंबर १९८३ मध्ये लिहिली आणि पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून तिला नाव दिले. ती दुसऱ्या यंत्राला हाक मारते आणि 'ओ' येण्यास किती मिलिसेकंद लागले ते सांगते. प्रथम घरच्या राउटरला हाक मारायची. त्याचा क्रमांक पुष्कळदा १९२.१६८.१.१ असतो. मग बाहेरच्या एखाद्या यंत्राला, उदाहरणार्थ ८.८.८.८ ला. शेवटी क्रमांकाऐवजी नावाने. राउटर 'ओ' देतो पण बाहेरचे यंत्र देत नाही, तर दोष घराबाहेरच्या जोडणीत असण्याचा संभव अधिक. क्रमांकाला उत्तर येते पण नावाला येत नाही, तर नावाचा क्रमांक शोधून देणारी सेवा अडलेली आहे.

येथे तिन्ही हाकांना उत्तर आले. म्हणजे तार, वाय-फाय, राउटर, बाहेरची जोडणी, नावांची सेवा हे सारे एका मिनिटात निर्दोष ठरले. राहिली प्रणाली. तिची परीक्षाही सोपी असते. त्याच वितरणाची कोरी प्रत पेनड्राइव्हवर घेऊन संगणक तिच्यावरून सुरू करायचा. चकतीला हातही लावायचा नाही. तसे केले, तरी दोष जसाच्या तसा! आता चकतीवरचे काही बिघडले असेल, हा संशय उरला नाही. फॉरमॅट केले असते तर सारी माहिती गेली असती आणि दोष मात्र राहिला असता.

खरे म्हणजे उत्तर पडद्यावर पहिल्यापासून होते. 'जोडणी सुरक्षित नाही' या ठळक ओळीखाली बारीक अक्षरांत लिहिले होते, की समोरच्या संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची मुदत अद्याप सुरू झालेली नाही. ठळक ओळ सर्व जण वाचतात, बारीक कोणी वाचत नाही. सुरक्षित संकेतस्थळ आपली ओळख पटवण्यासाठी एक प्रमाणपत्र दाखवते. त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी मुदत असते आणि ब्राउझर ती आपल्या संगणकाच्या घड्याळाशी ताडून पाहतो. 'डेट' ही आज्ञा दिली, तेव्हा संगणकाने तारीख सांगितली जानेवारी २०१२ ची! त्याच्या हिशेबी जगातले प्रत्येक प्रमाणपत्र भविष्यकाळातले होते. तारीख हाताने बरोबर केली आणि सर्व पाने उघडली.

घड्याळ मागे का गेले? संगणकाच्या मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक सेल असतो. बहुधा तो सी. आर. २०३२ या नावाचा असतो: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, दाब ३ व्होल्ट. संगणक बंद असताना घड्याळ याच्यावर चालते. घड्याळातला क्वार्ट्झ स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा विद्यार्थ्यांकडून पंधरा वेळा निम्मा करून घ्यावा. बरोबर १ उरतो. मंडलातही हेच घडते आणि दर सेकंदाला एक ठोका मिळतो. या कामाला प्रवाह अगदी थोडा, काही मायक्रोअँपिअर लागतो. सेलची क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास आणि प्रवाह ३ मायक्रोअँपिअर धरला, तर तो ७३ हजार तास, म्हणजे आठ वर्षांहून थोडा अधिक काळ पुरेल.

टेबलावरच्या संगणकात एक गंमत आहे. भिंतीवरचे बटण चालू असेल तर संगणक बंद असूनही त्याला थोडी वीज मिळत राहते, आणि घड्याळ सेलऐवजी तिच्यावर चालते. विजा कडाडतात, वीज जाते-येते, म्हणून रात्री भिंतीवरचे बटण बंद करण्याची सवय आपल्याकडे चांगलीच आहे. पण अशा घरात सेल लवकर संपतो. येथे यावरून एक सुरेख प्रयोग करता आला. एका रात्री बटण चालू ठेवले, सकाळी तारीख बरोबर. दुसऱ्या रात्री बटण बंद केले, सकाळी पुन्हा २०१२. बाकी सर्व तेच, बदल फक्त एकच. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या मल्टिमीटरने सेल तपासला. दाब अडीच व्होल्टच्याही खाली होता. नवा सेल बसवल्यावर तो दोष संपला.

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत सीएनसी यंत्रांची देखभाल करणाऱ्यांना हे नवे वाटणार नाही. त्या यंत्रांच्या अनेक नियंत्रकांतही सेल असतो. तो संपला की यंत्राचे पॅरामीटर पुसले जातात. तो सेल नियंत्रकाचा वीजपुरवठा चालू ठेवून बदलतात, नाहीतर बदलतानाच स्मृती जाते. घरच्या संगणकात मात्र उलट: आधी प्लग काढायचा, मगच पेटी उघडायची. जुना सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये; तो गिळला गेला तर अन्ननलिकेला गंभीर इजा होते.

जाळ्यावरून अचूक वेळ घेण्याची सोय असताना घड्याळ चुकलेच कसे, असा प्रश्न वाचकांना पडला असेल. ही पद्धत डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये मांडली आणि आजच्या बहुतेक वितरणांत तिची सेवा आपोआप चालू असते. या हलक्या वितरणात ती चालू नव्हती. शिवाय ही सेवा पुरवणारी जुनी आज्ञावली, एनटीपीडी, नेहमीच्या मांडणीत १,००० सेकंदांहून, म्हणजे सुमारे सतरा मिनिटांहून जास्त फरक दिसला की घड्याळ दुरुस्त न करता स्वतःच थांबते. एवढा फरक म्हणजे काहीतरी मोठी गडबड आहे, ती माणसाने पाहावी, असा त्यामागचा विचार. आम्हाला तो योग्य वाटतो, पण घरच्या वापरात तो अडचणीचा ठरतो. रास्पबेरी पायच्या पाचव्या आवृत्तीपूर्वीच्या नमुन्यांत तर सेलवर चालणारे घड्याळच नाही. असे संगणक शाळेत इंटरनेटशिवाय वापरले, तर फायलींवरच्या तारखांवर विश्वास ठेवू नये. कोठे १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच अशी वेळ दिसली, तर ते युनिक्सचे शून्य समजावे. ग्रिनिचच्या त्या मध्यरात्रीपासून युनिक्स सेकंद मोजते, आणि तेव्हा नाशिकला साडेपाच वाजले होते.

घड्याळाचा आणखी एक दोष याच्याशी गल्लत करायला लावतो. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, तर एका प्रणालीतून दुसरीत जाताच घड्याळ बरोबर साडेपाच तासांनी चुकलेले दिसते. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज भारतीय वेळ लिहिते, तर लिनक्स बहुधा ग्रिनिचची वेळ लिहिते आणि तीच तेथे आहे असे समजून वाचते. म्हणून विंडोजनंतर लिनक्सचे घड्याळ साडेपाच तास पुढे, आणि लिनक्सनंतर विंडोजचे तितकेच मागे. संपलेला सेल असा मोजून-मापून फरक दाखवत नाही. साडेपाच तास हा आकडा दिसला, की पेटी उघडू नये. मदरबोर्डवर स्थानिक वेळ आहे एवढे लिनक्सला सांगितले की पुरते.