मूलतत्त्ववादाचा अर्थ

‘मूलतत्त्ववादी’ हे विशेषण हल्ली फार सैलपणे वापरले जाते. नेमाने पूजा करणारा वा नमाज न चुकवणारा माणूस श्रद्धाळू असतो. वडिलोपार्जित रूढी मोडण्यास कचरणारा सनातनी असतो. तेवढ्याने दोघेही मूलतत्त्ववादी ठरत नाहीत. शब्दाचा नेमका आशय समजण्यासाठी त्याचे जन्मस्थान पाहावे लागते आणि ते विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अमेरिकेत आहे.

डार्विनचा उत्क्रांतिवाद आणि बायबलची ऐतिहासिक चिकित्सा यांनी तेथील अनेक प्रॉटेस्टंट अस्वस्थ झाले होते. तेलाच्या धंद्यातील धनिक लायमन स्ट्युअर्ट यांच्या पैशातून १९१० ते १९१५ या काळात ‘द फंडामेंटल्स’ ही १२ खंडांची माला निघाली व धर्मोपदेशकांना विनामूल्य वाटली गेली. १९२० साली कर्टिस ली लॉज या बाप्टिस्ट संपादकाने या तत्त्वांसाठी लढण्यास सिद्ध असणाऱ्यांना ‘फंडामेंटलिस्ट’ हे नाव दिले. ते अभिमानाने मिरवले गेले.

लढाई लवकरच शाळेत पोहोचली. माणूस हीन प्राण्यांपासून उत्पन्न झाला, असे सरकारी शाळांत शिकविण्यास टेनेसी राज्याने १९२५ मध्ये कायद्याने बंदी केली. त्याच वर्षी डेटन गावात जॉन स्कोप्स या २४ वर्षांच्या शिक्षकावर खटला होऊन त्यास १०० डॉलर दंड झाला. ज्या पुस्तकावरून हे घडले, ते राज्याने मंजूर केलेलेच पाठ्यपुस्तक होते! फिर्यादी पक्षाचे विल्यम जेनिंग्ज ब्रायन हे काही अडाणी गृहस्थ नव्हते. अध्यक्षपदाची निवडणूक त्यांनी तीनदा लढविली होती. परंतु बचावाचे वकील क्लॅरन्स डॅरो यांनी त्यांची उलटतपासणी घेतली, तेव्हा सृष्टिनिर्मितीचा दिवस २४ तासांचाच असेल असे नाही, हे त्यांना मान्य करावे लागले. म्हणजे शब्दशः वाचनाचा आग्रह धरणाराही अखेर अर्थच लावीत असतो.

इराणमध्ये १९७९ साली क्रांती झाली आणि हा शब्द इस्लामलाही लावला जाऊ लागला. धर्मशास्त्र्यानेच राज्य चालवावे, हा खोमेनींचा सिद्धान्त परंपरेच्या नावाने आला खरा. पण तो बराचसा नवा होता. नजफचे ज्येष्ठ धर्मशास्त्री अबुल कासिम खुई यांनाच तो मान्य नव्हता.

परंपरेतील निवडक वचने उचलणे, आपला अर्थ हाच एकमेव मूळ अर्थ ठरविणे आणि तो लादण्यासाठी राज्यसत्ता हाती मागणे, या तीन गोष्टी एकत्र आल्या की मूलतत्त्ववाद सिद्ध होतो. धर्म कोणताही असो, ही खूण बदलत नाही.

स्कोप्सची शिक्षा १९२७ मध्ये तांत्रिक मुद्द्यावर रद्द झाली; कायदा मात्र १९६७ पर्यंत टिकला. दरम्यान प्रकाशकांनी उत्क्रांतीचे प्रकरण निमूटपणे आखडते घेतले. दंड एका शिक्षकास झाला. त्याची किंमत वर्गातील मुलांनी मोजली. म्हणून एखाद्याची श्रद्धा किती प्रखर आहे, हे पाहण्याचे कारण नाही. दुसऱ्याचा प्रश्न विचारण्याचा हक्क त्यास मान्य आहे काय, एवढेच पाहावे.