टँडेम सायकलीचा डोळस सारथी

इ. स. १९७२ च्या म्यूनिच येथील सामन्यांनंतर दोन बैठकांच्या टँडेम सायकलीची शर्यत ऑलिंपिकमधून नाहींशी झाली. धडधाकटांनीं टाकून दिलेलें हें वाहन पुढें अंधांच्या कामीं आलें, आणि आज तें पॅरालिंपिक सामन्यांत मोठ्या इभ्रतीनें धांवत आहे.

या शर्यतींत मागील बैठकीवर अंध किंवा अत्यंत अधू दृष्टीचा स्वार असतो आणि पुढील बैठकीवर डोळस सहकारी. या सहकाऱ्यास पायलट म्हणतात. रस्त्यावरील टँडेमचें सुकाणू, ब्रेक आणि गिअर हीं सर्व त्याच्या हातीं. दोघांचीं पेडलें मात्र एका स्वतंत्र साखळीनें जखडलेलीं असतात. एकानें पाय थांबविले कीं दुसऱ्याचे थांबलेच. म्हणून वळणापूर्वीं पाय सैल सोडावयाचे असोत, चढावर बैठक सोडून उभें राहावयाचें असो, वा प्रतिस्पर्धी पुढें निसटत असतां सर्व बळ एकवटावयाचें असो, पायलटनें तें क्षणभर आधीं तोंडानें सांगितलें पाहिजे. सायकल लांब असल्यामुळें वळण घेतांना जागा अधिक लागते, आणि उतारावर दोन देहांच्या भारानें ती अशी सुसाट सुटते कीं ब्रेकचा विचार फार अगोदर करावा लागतो. मागच्या स्वाराला खड्डा दिसत नाहीं, कठडा दिसत नाहीं. तो आपला जीव पुढच्याच्या शब्दावर सोंपवितो. याचा अर्थ तो नुसतें ओझें आहे असा मात्र कोणीं करूं नये. सायकल पुढें ढकलण्यांत त्याचा वांटा पुरता अर्धा, कित्येकदां अधिकच असतो.

पायलट कोणास होतां येतें? व्यावसायिक संघांतून आज बाहेर पडून उद्यां टँडेमवर बसावें, अशी सोय नियमांत नाहीं. मध्यें ठराविक काळ जावा लागतो. स्कॉटलंडचा क्रेग मॅक्लीन हा मूळचा धांवपट्टीवरील वीर. सिडनी येथें २००० सालीं सांघिक स्प्रिंटमध्यें त्यास ऑलिंपिक रौप्यपदक मिळालें होतें. २०१२ च्या लंडन पॅरालिंपिकमध्यें तो अँथनी कॅपेसच्या पुढें बसला. एक किलोमीटरच्या शर्यतींत सायकलीनें आरंभींच दगा दिला. पुन्हां संधि मिळाली, तेव्हांहि तेंच! ती शर्यत हातची गेली. परंतु स्प्रिंटमध्यें या जोडीनें सुवर्णपदक मिळविलें. अंतिम फेरींत त्यांनीं ज्याला हरविलें तो नील फॅकी. दोन वर्षांनीं ग्लासगोच्या राष्ट्रकुल सामन्यांत मॅक्लीन त्याच फॅकीचा पायलट होता, आणि दोघांनीं दोन सुवर्णपदकें जिंकलीं.

जोड्या अशा मोडतात व नव्या जुळतात, ही या पेशाची रीतच होय. इंग्लंडची हेलन स्कॉट लंडनमध्यें एलीन मॅक्ग्लिनची पायलट होती. २०१६ सालीं रिओ येथें तिनें सोफी थॉर्नहिलसह सुवर्ण मिळविलें. आणि टोकियोच्या सामन्यांत ती पुन्हां मॅक्ग्लिनच्याच पुढें बसली. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत बहुधा मागच्या स्वाराचेंच नांव झळकतें. पदक दोघांच्याहि गळ्यांत पडतें, हें त्यांतल्या त्यांत बरें.

आयर्लंडची ईव्ह मॅक्रिस्टल ही तेथील पोलीस दलांतील बाई. केटी-जॉर्ज डनलेव्हीची दृष्टि रेटिनायटिस पिग्मेंटोझा या नेत्रपटलाच्या विकारानें क्षीण झालेली. लंडनमध्यें डनलेव्हीची सारथी सँड्रा फिट्झगेराल्ड होती. मॅक्रिस्टलची जोड पुढें मिळाली. रिओ येथें या दोघींनीं रस्त्यावरील कालबद्ध शर्यतींत सुवर्ण व लांब पल्ल्याच्या शर्यतींत रौप्य घेतलें. टोकियोचे सामने २०२१ सालीं झाले, तेव्हां मॅक्रिस्टलची चाळिशी उलटली होती. तेथें त्यांनीं धांवपट्टीवर रौप्य आणि फुजी पर्वताच्या परिसरांतील रस्त्यावर दोन्हीं सुवर्णपदकें पटकाविलीं.

एवढा पराक्रम गांठीं असला तरी पुढची बैठक कोणाच्या नांवें लिहून दिलेली नसते. मागच्या स्वाराच्या दृष्टीची वैद्यकीय परीक्षा होऊन त्याचा वर्ग ठरतो व शर्यतींतील त्याची जागा त्याची स्वतःची असते. पायलटला मात्र दर वेळीं आपण उपयोगीं आहों हें पायांनींच सिद्ध करून द्यावें लागतें. २०२४ सालीं पॅरिस येथें डनलेव्ही रस्त्यावर उतरली ती लिंडा केली या नव्या पायलटसह. कालबद्ध शर्यतींत त्यांना सुवर्ण मिळालें आणि दुसरींत रौप्य. मॅक्रिस्टल मात्र घरीं बसली नव्हती. त्याच सामन्यांत, रस्त्यावरील शर्यती सुरू होण्यापूर्वीं, धांवपट्टीवरील पाठलागाच्या शर्यतींत डनलेव्हीच्या पुढें तीच होती, आणि त्या जुन्या जोडीनें तेथें रौप्यपदक मिळविलें.