उमराहच्या पासपोर्टवर स्पेनला जायचंय? आधी घरचे कागद काढा

बोरी अरब, दारव्हा या पट्ट्यातल्या आपल्या बऱ्याच घरांत पासपोर्ट निघाला तो हज-उमराहसाठी. आता काहींना त्याच पासपोर्टवर स्पेनला जाऊन कुर्तुबाची मस्जिद आणि ग्रनाडाचा अलहंब्रा पाहायचाय. हौस चांगली आहे. पण उमराहला सगळी धावपळ टूरवाला करतो; इथे कागद आपले आणि बोटांचे ठसे द्यायलाही आपणच जायचं.

स्पेन हा शेंगेन गटातल्या 29 देशांपैकी एक. व्हिसाची फी 90 युरो, 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 45, त्याहून लहानांना माफ. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही. अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा 15 दिवस आधी. किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो. पासपोर्ट 10 वर्षांच्या आत काढलेला, तिथून निघायच्या तारखेनंतर 3 महिने चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला हवा.

खरी अडचण वेगळीच आहे. कापूस विकला की खात्यात एकदम मोठी रक्कम येते. तपासणाऱ्याला वाटतं, पैसे उसने आणून दाखवले. म्हणून सातबारा, आठ-अ आणि कापूस विक्रीची पावती इंग्रजी भाषांतरासह जोडा. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसल्याने रिटर्न भरलेला नसेल, तर तसं पत्रात साफ लिहा. व्यापाऱ्याकडून नगदी घेतलेले पैसे खात्यात दिसत नाहीत. जायचं ठरलं असेल तर यंदाची रक्कम बँकेतूनच घ्या.

दुसरी भानगड नावांची. पासपोर्टवर ‘मोहम्मद’, आधारवर ‘मो.’, बँकेत नुसतं ‘शेख’! हे आधी एकसारखं करून घ्या. पासपोर्टमधली दुरुस्ती नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयाच्या अखत्यारीत येते. निकाहनामा उर्दूत असेल तर नुसत्या त्याच्यावर विसंबू नका. ग्रामपंचायतीत विवाह नोंदणी होते, तो दाखला काढा.

‘हमखास व्हिसा’ म्हणणाऱ्या एजंटला आगाऊ रक्कम देऊ नका. निर्णय दूतावासाचा असतो. व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येणारंच बुकिंग ठेवा.

आम्ही तरी एप्रिल सुचवू. उन्हाळ्यात कोर्दोबात पारा 40 च्या वर जातो, आणि ऊन खायला यवतमाळ काय कमी आहे? फक्त ईस्टरचा आठवडा टाळा, गर्दी आणि भाडं दोन्ही वाढतं. माद्रिदहून कोर्दोबा वेगवान रेल्वेने पावणेदोन तासांच्या आसपास. अलहंब्राच्या नसरी महालाचं तिकीट ठरलेल्या वेळेचं आणि नावाचं असतं, ते लवकर संपतं. आधी तेच पाहा, मग हॉटेल.

कुर्तुबाची मस्जिद आठव्या शतकातली, पण 1236 पासून ती चर्च आहे. तिथे नमाज पढू देत नाहीत, हे घरातल्या बुजुर्गांना निघण्याआधीच सांगा. ग्रनाडात 2003 साली उघडलेली मस्जिद अलहंब्रासमोरच्या टेकडीवर आहे, नमाज तिथे पढता येईल. खाण्यात ‘हामोन’ म्हणजे डुकराचं मांस, आणि ‘मांतेका’ म्हणजे बहुधा त्याची चरबी. ती काही मिठायांतही असते, म्हणून बिस्किट घेतानाही विचारा.

आणि हो, कापसाला स्पॅनिशमध्ये ‘आल्गोदोन’ म्हणतात. शब्द अरबी ‘अल-कुत्न’वरूनच आलाय.