कमांड लाइनवरून मुद्रण : रांग, आज्ञा आणि देवनागरी मजकूर

प्रस्तावना :
युनिक्स व तिच्या धर्तीवरील लिनक्स, मॅकओएस या कार्यप्रणालींत एका ओळीच्या आज्ञेने मुद्रण करता येते. मात्र कागद लगेच बाहेर आला नाही, तर वापरकर्ता तीच आज्ञा पुनःपुन्हा देतो आणि प्रिंटर सुरू होताच एकाच फाइलच्या अनेक प्रती बाहेर पडतात. हा अपव्यय टाळण्यासाठी मुद्रणाची आज्ञा नेमके काय करते, हे समजून घेणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात त्याचे विवेचन केले आहे.

रांगेची व्यवस्था :
युनिक्सच्या बर्कली शाखेत ‘एलपीआर’ आणि सिस्टिम फाइव्ह शाखेत ‘एलपी’ अशा दोन स्वतंत्र आज्ञा रूढ झाल्या. मायकेल स्वीट यांच्या ईझी सॉफ्टवेअर प्रॉडक्ट्स या संस्थेने १९९९ मध्ये ‘कप्स’ ही मुद्रणप्रणाली प्रसिद्ध केली व तीत दोन्ही आज्ञांना स्थान दिले. अ‍ॅपलने २००२ मध्ये ती स्वीकारली आणि २००७ मध्ये तिचे हक्क विकत घेतले.

या दोन्ही आज्ञा फाइल थेट प्रिंटरकडे पाठवीत नाहीत. त्या तिला रांगेत लावतात. म्हणूनच ‘एलपी’ आज्ञेनंतर मिळणारा क्रमांक ही केवळ पोच होय; ती छपाई पूर्ण झाल्याची खूण नव्हे. प्रिंटर थांबविलेल्या अवस्थेत असला, तरीही रांग काम स्वीकारू शकते.

प्रमुख आज्ञा :
पुढील आज्ञा येथे देवनागरीत दिल्या असल्या, तरी संगणकावर त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकित कराव्यात.

१) ‘एलपी’ : हिच्यासोबत ‘-डी’ने प्रिंटरचे नाव, ‘-एन’ने प्रतींची संख्या आणि ‘-ओ’ने कागदाचा आकार किंवा दोन्ही बाजूंची छपाई यांसारखे पर्याय निश्चित करता येतात.
२) ‘एलपीस्टॅट’ : ‘-ओ’ जोडल्यास रांगेतील प्रलंबित कामे, तर ‘-पी’ जोडल्यास प्रिंटरची अवस्था कळते.
३) ‘कॅन्सल’ : कामाचा क्रमांक देऊन ते काम रद्द करता येते.
४) ‘कप्सएनेबल’ : थांबविलेला प्रिंटर या आज्ञेने पुन्हा सुरू होतो. त्यासाठी व्यवस्थापकाचे अधिकार लागू शकतात.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. मोठ्या लिपीतील ‘-पी’ हा पर्याय ‘एलपी’मध्ये पृष्ठक्रमांक दर्शवितो, तर ‘एलपीआर’मध्ये प्रिंटरचे नाव. दोहोंची गल्लत झाल्यास आज्ञेचा अर्थच बदलतो.

फिल्टर व देवनागरी मजकूर :
रांगेतील फाइल प्रिंटरला समजेल अशा रूपात आणण्याचे काम ‘फिल्टर’ नावाच्या आज्ञावली करतात. मराठी वापरकर्त्याची खरी अडचण येथे उद्भवते. युनिकोडमध्ये ‘कि’ या अक्षरातील ‘क’ आधी व वेलांटी नंतर साठविली जाते. कागदावर मात्र वेलांटी आधी उमटावी लागते. रफार आणि जोडाक्षरे यांचीही अशीच मांडणी करावी लागते. साध्या मजकुराचा फिल्टर ही मांडणी करीलच असे नाही. परिणामी अक्षरे सुटी पडतात किंवा त्यांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, ‘पँगो’ या मांडणी-संचावर आधारलेल्या ‘पॅप्स’ आज्ञावलीतून मजकूर पुढे पाठविणे. दुसरा, लिबरऑफिससारख्या साधनाने फाँटसह पीडीएफ तयार करून तीच फाइल ‘एलपी’ला देणे. पीडीएफमध्ये अक्षरांची मांडणी आधीच निश्चित झालेली असल्याने ती प्रथम पडद्यावर तपासता येते. म्हणून प्रबंध किंवा प्रश्नपत्रिका यांसाठी दुसरा मार्ग अधिक विश्वसनीय ठरतो.

निष्कर्ष :
मुद्रणाची आज्ञा ही रांगेत नोंद करण्याची आज्ञा आहे. त्यामुळे कागद न आल्यास ती पुन्हा देण्याऐवजी प्रथम ‘एलपीस्टॅट’ने रांग व प्रिंटरची अवस्था पाहावी. कागद येऊनही अक्षरे बिघडली असतील, तर दोष रांगेत नसून मजकुराच्या रूपांतरात शोधावा. हा क्रम पाळल्यास मराठी मजकुराचे मुद्रण कमांड लाइनवरूनही निर्दोष होऊ शकते.