पाचोळ्यातल्या जिवाचे बारसे

आंब्याखालचा किंवा पिंपळाखालचा मूठभर सुका पाचोळा घ्या. काचेच्या बशीत ठेवून त्यावर थोडे पाणी ओता आणि काही तास थांबा. नुसत्या डोळ्यांना गढूळ पाण्याखेरीज काही दिसणार नाही. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र, नशिबाने साथ दिली तर, जळवेसारखे आखडत-लांबत सरकणारे पारदर्शक जीव दिसतील. मध्येच एखादा थांबतो, डोक्यातून दोन चाके बाहेर काढतो आणि ती गरगर फिरवत जेवायला लागतो. हा रोटिफर.

रोटिफर म्हणजे चाक वाहणारा. प्रत्यक्षात तिथे चाक नसते. डोक्यावर गोलाकार रांगेत असलेले बारीक केस एकामागून एक हलतात आणि फिरत्या चाकाचा भास होतो. त्यातून तयार होणाऱ्या भोवऱ्यात जिवाणू आणि शेवाळाचे कण तोंडाकडे ओढले जातात. लांबी बहुधा अर्ध्या मिलिमीटरहून कमी, सगळ्या शरीरात पेशी जेमतेम हजारभर. तरीही त्याला मेंदू आहे, जठर आहे आणि अन्न भरडणारे जबडेही आहेत.

रोटिफरच्या सुमारे 2000 प्रजाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. पाचोळा, माती आणि मॉसमध्ये राहणारे बहुतेक रोटिफर 'डेलॉइड' गटातले. या गटाच्या प्रजाती साडेचारशेच्या आसपास आहेत. खरा आकडा यापेक्षा बराच मोठा असणार, याबद्दल अभ्यासकांना शंका नाही. मग नव्या प्रजाती भराभर का नोंदल्या जात नाहीत?

पहिली अडचण अगदी साधी आहे. फुलपाखरू टाचणीला लावून संग्रहालयात ठेवता येते. डेलॉइडवर अल्कोहोल किंवा फॉर्मेलिन टाकले की तो अंग चोरून गोळा होतो. त्या गोळ्यावरून प्रजाती ओळखणे जवळजवळ अशक्य. म्हणून त्याचा अभ्यास तो जिवंत असतानाच करावा लागतो. अभ्यासक एकेक जीव बारीक नळीने उचलून काचपट्टीवर घेतो आणि तो चाके उघडण्याची वाट पाहत बसतो. चाकांची रुंदी, शेपटाकडच्या काट्यांचा आकार, पायाची बोटे, त्वचेवरच्या सुरकुत्या हे सारे त्या काही क्षणांत टिपायचे असते. जबडे पाहायचे तर कपडे शुभ्र करणाऱ्या ब्लीचमधल्याच रसायनाने मऊ शरीर विरघळवतात आणि उरलेले जबडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून दात मोजतात. मग जुनी चित्रे आणि वर्णने काढून तुलना. ऑस्ट्रियाच्या जोसेफ डोनर यांचा 1965 सालचा ग्रंथ यासाठी अजूनही उघडावा लागतो. हे सगळे जुळवूनच म्हणता येते की हा जीव आधी कुणी नोंदलेला नाही.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. प्रजाती म्हणजे आपापसात प्रजनन करणारा गट, असे आपण शाळेत शिकलो. डेलॉइडमध्ये नर आजवर कुणालाही सापडलेला नाही. सगळ्या माद्या, फलनाशिवाय अंडी घालतात आणि त्यातून पुन्हा माद्याच जन्मतात. कोट्यवधी वर्षे हे असेच चालत आले असावे, असे मानले जाते. उत्क्रांतीच्या सिद्धांतानुसार असा गट फार टिकायला नको. म्हणूनच जॉन मेनार्ड स्मिथ या ब्रिटिश शास्त्रज्ञाने त्यांना उत्क्रांतीतले 'लफडे' ठरवले होते. जिथे संकरच नाही, तिथे प्रजातीची सीमा कशी आखायची? 2007 मध्ये डीएनए आणि जबड्यांचे आकार एकत्र तपासल्यावर दिसले, की संकराशिवायही या जिवांचे स्पष्ट वेगळे गट पडतात. एकाच नावाखाली मोडणारे जीव डीएनएच्या कसोटीवर अनेक गटांत विभागले गेल्याचेही दिसले आहे. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फक्त अंटार्क्टिकातून 12 नव्या डेलॉइड प्रजातींचे वर्णन झाले.

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न पडेल. या जिवांना दोन गोष्टी साधल्या आहेत आणि दोन्हींत वैद्यकशास्त्राला रस आहे. पहिली, सुकून पुन्हा जगणे. हॉलंडच्या लेव्हेनहूकने 1702 मध्ये पन्हाळीतल्या सुक्या गाळावर पाणी टाकले आणि त्यातले जीव हालचाल करताना पाहिले. सुकताना त्यांचा डीएनए तुटतो. ओल मिळताच ते तो दुरुस्त करतात. 2021 मध्ये सैबेरियातल्या सुमारे 24 हजार वर्षे गोठलेल्या मातीतून एक डेलॉइड जिवंत झाला आणि त्याला पिल्लेही झाली.

दुसरी गोष्ट, उसन्या जनुकांची. डेलॉइडच्या जनुकांपैकी आठ टक्क्यांच्या आसपास जनुके जिवाणू, बुरशी, वनस्पती अशा परक्या जिवांकडून आलेली दिसतात. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, बुरशीचा संसर्ग झाल्यावर डेलॉइड यांतली काही जनुके कामाला लावतात. ही जनुके जिवाणूंच्या प्रतिजैविके बनवणाऱ्या जनुकांसारखी आहेत. यातून लगेच औषध हाती येईल असे नाही. पण प्राण्याच्या शरीरात चालणारे, म्हणजे त्या प्राण्याला स्वतःला अपाय न करणारे रसायन शोधायचे, तर ही जागा दुर्लक्षून चालणार नाही. एका प्रजातीकडे असलेले जनुक दुसरीकडे असेलच असे नाही. म्हणून कोण कोण आहे, याची यादी आधी हवी.

भारतात ही यादी फार लांबलेली नाही. स्कॉटलंडच्या जेम्स मरे यांनी 1906 मध्ये सिक्कीम हिमालयातल्या रोटिफरांवर लिहिले. पण तळ्यांतल्या रोटिफरांकडे आपल्याकडे जितके लक्ष गेले, तितके पाचोळ्यातल्यांकडे गेले नाही. सह्याद्रीतल्या ओल्या पाचोळ्यात काय दडले आहे, हे पाहायला चांगला सूक्ष्मदर्शक आणि भरपूर सबुरी असलेली माणसे हवीत.

आणि पाचोळाही हवा. दर उन्हाळ्यात डोंगरांवर वणवे लागतात, आणि शहरांत झाडून गोळा केलेली पाने कोपऱ्यात पेटवली जातात. हे जीव सुकणे सोसतात, गोठणे सोसतात. आग मात्र सोसू शकत नाहीत. पुढच्या वेळी अंगणातली पाने गोळा कराल तेव्हा काडी लावू नका. झाडाच्या बुंध्याशी पसरा, ओल राहू द्या. त्यात कुणी बारशाची वाट पाहत असेल.